नाशिकच्या निसर्गफेऱ्या: तुम्ही नेहमी विचारता ते प्रश्न

आम्ही नाशिकच्या आसपास निसर्गफेऱ्या काढतो. दिवाळी झाली की नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीबद्दल फोन सुरू होतात आणि जुलैत अंजनेरीचा डोंगर हिरवा झाला की त्याच्याबद्दल. प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून गेल्या काही हंगामांत आलेले प्रश्न इथे एकत्र मांडले आहेत, शक्यतो तुमच्याच शब्दांत. उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिसला तर तिकडे बघा, तीच गोष्ट दोनदा लिहिलेली नाही.

१. निसर्गफेरी म्हणजे ट्रेकच ना?

नाही. ट्रेकला माथा गाठायचा असतो, फेरीत कुठे पोचायचंच नसतं. तीन तासांत आम्ही दीड-दोन किलोमीटर चालतो, कधी तेवढंही नाही. एकदा अंजनेरीच्या पायथ्याला एका उंबराखाली पाऊण तास बसलो होतो. झाड फळांनी लगडलेलं होतं आणि हरियाल, तांबट, कोकीळ एकामागून एक येत होते. पुढे जायची कोणाचीच इच्छा नव्हती, म्हणून गेलो नाही. एका फेरीला जास्तीत जास्त पंधरा माणसं, एक फेरीप्रमुख आणि त्या गावातला एक गाईड असतो.

२. कोणत्या महिन्यात कुठे नेता?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी नांदूरमध्यमेश्वर आणि गंगापूर धरणाचं बॅकवॉटर. नांदूरला पाणपक्षी. गंगापूरला पाण्याकडेच्या गवताळ पट्ट्यात चंडोल, धोबी हे पक्षी आणि त्यांच्यावर नजर ठेवून घिरट्या घालणारे भोवत्ये. नाशिक शहर ज्या धरणाचं पाणी पितं त्याच्या काठावर एवढं काही राहतं, हे अनेकांना तिथे गेल्यावरच कळतं.

जुलै ते ऑक्टोबर अंजनेरी आणि बोरगड. अंजनेरीला फुलं, बोरगडला जंगल. बोरगड रामशेजच्या शेजारी आहे. माथ्याचा भाग हवाई दलाकडे असल्यामुळे आपण खालच्या जंगलातच फिरतो. थंडी सरताना येवला तालुक्यात ममदापूरला काळवीट बघायला जातो. तिथे झाडं नाहीत, माळ आहे, आणि माळ म्हणजे काय हे डोळ्यांनी बघावं म्हणूनच ती फेरी ठेवली आहे (प्रश्न १६).

एप्रिल-मेमध्ये लांब जात नाही. पांडवलेण्याच्या पायथ्याचं वनउद्यान किंवा सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर नाशिककरांनी २०१५ पासून लावलेली आणि जगवलेली देवराई, सकाळी सहा ते साडेआठ. उन्हाच्या आत घरी.

३. मी कधीच पक्षी बघायला गेलेले नाही. सुरुवात कुठून करू?

नांदूरमध्यमेश्वरपासून. डोंगर-जंगलात पक्षी पानाआड असतो, आधी आवाज येतो आणि नवख्या माणसाला तो सापडेपर्यंत उडून जातो. पाणथळीवर तो उघड्यावर असतो, मोठा असतो आणि बराच वेळ एका जागी थांबतो. शिवाय काही नावं लगेच पाठ होतात. काळाभोर अंग आणि कपाळावर गंध लावल्यासारखा पांढरा टिळा असलेला वारकरी पहिल्याच फेरीत लक्षात राहतो. चमचा नावाच्या पक्ष्याची चोच खरोखर चमच्यासारखी असते. थापट्या बदकाची चोच थापीसारखी चपटी, तलवार बदकाचं शेपूट लांब आणि टोकदार. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांनी आधी नीट बघितलं होतं.

४. नांदूरमध्यमेश्वरला एवढे पक्षी का येतात? तो तर साधा बंधारा आहे.

गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथे १९०७ ते १९११ च्या दरम्यान दगडी बंधारा बांधला, तो कालव्यांना पाणी देण्यासाठी. पाणी अडलं तसा वरून आलेला गाळही अडला. शंभर वर्षांत त्या गाळाची बेटं झाली, उथळ डबकी झाली, त्यावर पाणवनस्पती वाढल्या. बंधाऱ्याच्या दृष्टीने हा गाळ म्हणजे दुखणं, पण लांब पायांच्या पक्ष्याला हवं असतं घोटाभर पाणी आणि त्याखाली चिखल. बदकांना त्याच्या पुढचं थोडं खोल पाणी चालतं. एकाच जागी सगळ्या खोलीचं पाणी असल्यामुळे सगळ्यांची सोय होते.

१९८६ मध्ये ते अभयारण्य झालं. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली. रामसर हे इराणमधलं गाव. २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळींबाबतचा आंतरराष्ट्रीय करार तिथे झाला, म्हणून २ फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिन असतो. त्या दिवसाच्या आसपासची आमची फेरी सगळ्यात आधी भरते.

इथली पाण्याची पातळी मात्र निसर्ग ठरवत नाही. वर गंगापूर, दारणा ही धरणं आहेत आणि खाली जायकवाडी. खाली पाणी सोडलं की ते इथूनच जातं. पाणी एकदम वाढलं की उथळ जागा बुडतात आणि पक्षी पांगतात. गेल्या रविवारी मित्राने पाहिलेले पक्षी तुम्हाला दिसले नाहीत तर बहुतेक वेळा कारण हेच असतं.

५. फी कशाची घेता? निसर्ग तर फुकट आहे.

निसर्ग फुकट आहे, पण तो दाखवणाऱ्या माणसाची सकाळ फुकट नाही. फीचा सगळ्यात मोठा भाग गावातल्या गाईडला जातो, त्याच दिवशी, हातात. मग अभयारण्याचं प्रवेश शुल्क आणि गावात एखाद्या घरी सांगितलेला नाश्ता. उरलं तर दुर्बिणींच्या दुरुस्तीला किंवा गोठ्यांच्या जाळीला (प्रश्न १९). आमचे फेरीप्रमुख पैसे घेत नाहीत. ठिकाणागणिक खर्च बदलतो, म्हणून फेरी जाहीर करताना आकडा लिहितो आणि संपल्यावर हिशेब गटावर टाकतो. ज्यांना फी जड वाटते त्यांनी फक्त तसं कळवावं. कारण विचारत नाही.

६. तुम्हाला पक्षी ओळखता येतात, मग गावातला गाईड कशाला?

हा प्रश्न दर हंगामात येतो, तेव्हा सविस्तर सांगतो.

आम्ही पुस्तकातून शिकलो. नांदूरच्या काठावरच्या चापडगाव, खानगाव थडीची मंडळी पाण्यातून शिकली. आमच्या नेहमीच्या गाईडना सगळे आप्पा म्हणतात. आयुष्यभर त्यांनी तिथे मासे धरले. एका डिसेंबरात आम्ही पक्षी बघण्याच्या मनोऱ्यावर उभे राहून लांब धुक्यात दुर्बीण फिरवत होतो. आप्पा म्हणाले, "तिकडं नका बघू, पायाशी बघा." खाली दहा-बारा हातांवर मुग्धबलाक चिखलात चोच घालून उभा होता. या करकोच्याच्या दोन्ही चोची मिटल्या तरी मधे फट राहते. त्याने एक गोगलगाय धरली, पाण्याखालीच जरा झटापट केली आणि अख्खा मऊ जीव बाहेर काढून गिळला. शिंपला तिथेच टाकला. आप्पा खाली उतरले आणि काठावरचे असे वीस-पंचवीस रिकामे शिंपले ओंजळीत घेऊन आले. एकही फुटलेला नव्हता. आमच्यातल्या कोणीही आधी ते शिंपले पाहिले असते तर गोगलगाई आपसूक मेल्या असंच म्हणालो असतो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. अभयारण्य झालं तेव्हा गावाच्या वाट्याला आधी बंदी आली. इथे जाळं टाकू नका, तिथे जनावरं सोडू नका. ज्याच्या वाट्याला फक्त बंदी येते त्याने त्या जागेवर प्रेम करावं ही अपेक्षा चूक आहे. पक्षी असल्यामुळे घरात चार पैसे आणि गावात मान येत असेल, तर पाणथळीत कोणी विष टाकून मासे मारायला आला की पहिला आवाज गावच टाकतं. वनरक्षक एक असतो आणि काठ मैलोगणती. म्हणून गाईडशिवाय आमची एकही फेरी निघत नाही. ममदापूरला, बोरगडलाही हाच नियम.

७. मुलगी सहा वर्षांची आहे आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. दोघींना आणू का?

नांदूरला जरूर आणा. काठावरची वाट सपाट आहे, मनोऱ्यावर नाही चढलं तरी बिघडत नाही. सासूबाईंसाठी घडीची छोटी खुर्ची घ्या. बऱ्याचदा एका जागी बसलेल्यांनाच सगळ्यात जास्त दिसतं. मुलांना दुर्बीण लगेच देऊ नका, ती डोळ्याला लावता आली नाही की रडू येतं. आधी नुसत्या डोळ्यांनी. आम्ही प्रत्येक मुलाला एकच पक्षी सोपवतो: तुझा वारकरी, तुझा खंड्या. आता तो काय करतोय ते तू आम्हाला सांगायचं.

अंजनेरीच्या पठारावर मात्र दहा वर्षांखालच्या मुलांना नेत नाही. चढ आहे, आणि पावसात पायऱ्या निसरड्या होतात.

८. काय घालायचं, काय आणायचं? दुर्बीण विकत घ्यावी लागेल का?

मातकट, हिरवट, खाकी कपडे. पांढरा आणि भडक लाल नको. अत्तर, डिओ नको. टोपी, पाणी, वही-पेन्सिल. खाऊ डब्यात आणा, पाकिटातला नको. अभयारण्यात कचरा टाकणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे.

पहिल्या तीन-चार फेऱ्यांना दुर्बीण आमच्याकडून घ्या, आमच्याकडे सहा आहेत. नंतर घ्यावीशी वाटली तर ८ बाय ४२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. जास्त पटीच्या मोहात पडू नका, हाताची थरथरही तेवढ्याच पटीने वाढते.

९. काही दिसलंच नाही तर पैसे परत मिळतात का?

नाही. रोहित, म्हणजे ज्याला सगळे फ्लेमिंगो म्हणतात, तो दिसेल असं आम्ही कधीच कबूल करत नाही. दिसणं पक्ष्याच्या मर्जीवर आहे.

१०. मी फोटोग्राफर आहे. मोठी लेन्स आणली तर चालेल ना?

चालेल, काही अटींवर. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर शिरलाय, आणि तो घास-पाणी सोडून भांडायला येतो. घरट्यांचे फोटो नाहीत. ड्रोन नाही. आणि दुर्मीळ जीवाची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकायची नाही. तालुक्याचं नाव पुरे.

घरट्यांचा नियम आम्ही स्वतःच्या चुकीतून केला. सुरुवातीच्या वर्षांत एका उन्हाळ्यात गंगापूरच्या काठावर टिटवीची चार अंडी सापडली, उघड्या खडीवर, खडीच्याच रंगाची. आम्ही आठ जणांनी आळीपाळीने फोटो काढले. टिटवी डोक्यावरून ओरडत फिरत होती आणि आम्हाला ते छान वाटत होतं. नंतर वाचलं की कडक उन्हात टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. आम्ही अर्धा तास तिला त्या कामापासून अडवलं होतं. चार दिवसांनी गेलो तर अंडी तशीच पडून होती आणि टिटवी कुठेच नव्हती. आमच्यामुळेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण त्या दिवसापासून टिटवी ओरडायला लागली की आम्ही मागे फिरतो.

११. निफाडकडे बिबटे आहेत म्हणतात. फेरीत समोर आला तर?

आहेत. निफाड-सिन्नर पट्ट्यात ऊस वाढला तसा बिबट्या उसात राहायला लागला. दाट आडोसा, पाणी, डुकरं आणि वस्तीवरची कुत्री, त्याला आणखी काय हवं? म्हणून आपण अंधारात उसाच्या कडेने चालत नाही. फेरी उजाडल्यावरच सुरू होते आणि मुलं घोळक्याच्या मधे असतात.

दिसलाच तर पळायचं नाही, खाली वाकायचं नाही, पाठ दाखवायची नाही. मुलाला उचलून घ्या, उभे राहा, मोठ्याने बोला आणि त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे या. त्याच्या जाण्याची वाट मोकळी ठेवा. बिबट्या माणूस मारतो तेव्हा बहुतेक वेळा तो माणूस एकटा, वाकलेला किंवा लहान असतो. आणि गर्दीने घेरलेला बिबट्या बिथरून हल्ला करतो. शहरात शिरलेल्या बिबट्यामागे मोबाइल घेऊन धावणारा जमाव वनखात्याचं काम सगळ्यात अवघड करतो.

ऊसतोडीत बछडे सापडले तर हात लावू नका, घरी नेऊ नका. तोड थांबवून वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. कर्मचारी बछडे तपासून त्याच जागी खोक्यात ठेवतात आणि आई बहुधा रात्री येऊन त्यांना घेऊन जाते. शेतकऱ्यांचं याबद्दलचं म्हणणं प्रश्न १९ मध्ये आहे.

१२. गिधाडं बघायची आहेत. कुठे दिसतील?

त्र्यंबकेश्वर-अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं आहेत. हरसूल भागात खोरीपाड्याला गावकरी आणि वनखात्याने मिळून गिधाडांसाठी खाद्यस्थळ केलं आहे. गावातलं मेलेलं जनावर पुरण्याऐवजी तिथे नेऊन ठेवतात.

एवढी काळजी का, तर गुरांना वेदनाशामक म्हणून दिलं जाणारं डायक्लोफिनॅक. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने ते खाल्लं की त्याचे मूत्रपिंड निकामी होतात. एका जनावरावर अख्खा थवा जेवतो, म्हणून थवेच्या थवे गेले. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी हे औषध बंद केलं. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये त्या बाटलीचा आकार ३ मिलिलिटरवर आणला. जोडी वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे गेलेली संख्या भरून यायला पिढ्या लागतात.

खाद्यस्थळावर आम्ही फेरी काढत नाही. माणसं दिसली की गिधाडं उतरत नाहीत आणि त्यांचा दिवस उपाशी जातो. अंजनेरीच्या पठारावरून ती घिरट्या घालताना दिसतात, तेवढं पुरे. तुमच्याकडे गाई-म्हशी असतील तर एक काम करा: डॉक्टरांना मेलॉक्सिकॅम द्यायला सांगा. ते गिधाडांना चालतं.

१३. अंजनेरी अभयारण्य आहे का? तिथे तर देवळात जायला परवानगी लागत नाही.

अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे. हा प्रकार वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आला. जमीन सरकारी, पण घोषणेआधी स्थानिक लोकांशी बोलावं लागतं आणि व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असतो. बोरगडही असंच, २००८ मध्ये झालेलं. अंजनी मातेच्या दर्शनाला जाणारे भाविक, गुराखी यांच्या वाटा त्यामुळे बंद होत नाहीत. आग लावणं, प्राण्यांना त्रास देणं, कचरा टाकणं यावरची बंदी मात्र अभयारण्यासारखीच लागू आहे. वाटेतल्या माकडांना खाऊ घालू नका. पिशव्या हिसकावायची सवय त्यांना आपणच लावली.

अंजनेरीचं खरं धन पठारावरच्या गवतात आहे आणि ते पायाखाली येऊ शकतं. सेरोपेजिया अंजनेरिका या वनस्पतीचं नावच या डोंगरावरून पडलं. हे कंदीलपुष्प गवताच्या दोन पात्यांमध्ये उभं असतं. फुलाच्या नळीत आतल्या बाजूला खाली वळलेले केस असतात. बारीक माशी वासाने आत शिरते आणि त्या केसांमुळे तिला वर येता येत नाही. फूल कोमेजू लागलं, केस लुळे पडले की ती अंगावर पराग घेऊन बाहेर पडते आणि पुढच्या फुलात अडकते. हे सगळं बोटाएवढ्या जागेत चालतं. फोटोसाठी गवतात आडवे झालात की शेजारची, अजून न फुललेली रोपं मोडतात. म्हणून पठारावर मळलेली पायवाट सोडायची नाही, आणि फुलापाशी एका वेळी एकानेच गुडघे टेकायचे.

१४. पावसाळ्यात हरिहर किल्ल्यावर, दुगारवाडीच्या धबधब्याला का नेत नाही?

हरिहरला शनिवार-रविवारी कातळातल्या पायऱ्यांवर रांग लागते, त्या गर्दीत आणखी पंधरा माणसं आम्हाला घालायची नाहीत. दुगारवाडीचं पाणी बघता बघता चढतं. तुमच्या डोक्यावर पाऊस नसतो, वर डोंगरात कोसळत असतो, आणि परतीचा ओढा तेवढ्यात भरतो. तिथे लोक अडकले आहेत, जीवही गेले आहेत.

१५. काजव्यांची फेरी का बंद केली?

मे-जूनच्या संधीला भंडारदऱ्याकडे आम्हीही जायचो. नर काजवा लुकलुकून मादीला शोधतो आणि ती झुडपातून, गवतातून उत्तर देते. गाड्यांचे दिवे, टॉर्च, मोबाइलचे फ्लॅश या उजेडात ती उत्तरं दिसेनाशी होतात. जमिनीलगत बसलेल्या माद्या चपलांखाली जातात, आणि अळ्या तर मातीतच असतात. शेवटच्या वर्षी रस्त्यावर गाड्यांची रांग इतकी होती की आम्ही झाडापर्यंत न जाताच परतलो. काजवे बघायचेच असतील तर पेठ, सुरगाण्याकडे ओळखीच्या घरी मुक्कामाला जा, अंगणातला दिवा मालवा आणि अंगणातच बसा.

१६. आमच्या सोसायटीने बीजगोळे केले आहेत. फेरीत टाकायला आणू का?

कृपा करून नको. भावना चांगली आहे हे कळतं, म्हणून कारण सांगतो.

ममदापूरचा माळ उजाड नाही. काळवीट गवतावर जगतो आणि लांबून येणारा धोका दिसावा म्हणून त्याला मोकळं मैदान लागतं. चंडोल आणि धाविक जमिनीवर अंडी घालतात. तिथे झाडी वाढली की हे सगळे जातात. अंजनेरीच्या पठारावरही तसंच, तिथली फुलं पातळ मातीत आणि उन्हात वाढतात. कुठे काय उगवावं हे मातीने आणि पावसाने आधीच ठरवलेलं असतं. संरक्षित क्षेत्रात बाहेरचं बी टाकणं योग्यही नाही.

हात कामाला लावायचे असतील तर सातपूरच्या देवराईत या. तिथे लावलेल्या झाडांना उन्हाळ्यात पाणी घालायला, वणव्याआधी गवत कापून जाळरेषा काढायला माणसं नेहमीच कमी पडतात.

१७. आमच्या शाळेची साठ मुलं आहेत. एका दिवसात सगळ्यांना न्याल का?

एकत्र नाही. चार शनिवार, पंधरा-पंधरा. साठ मुलांच्या आवाजाने पक्षी उडतात आणि मुलांना फक्त उडालेले पक्षी दिसतात. कंपन्यांनाही हेच उत्तर, आणि बॅनर, सारखे टी-शर्ट, स्पीकर यांपैकी काहीही नको. बाईंनी किंवा सरांनी आधी स्वतः एक फेरी करावी, असा आग्रह आहे. त्यांना गोडी लागली तर मुलांना लावायची गरज पडत नाही.

१८. खरं सांगा, रविवारी फिरून जंगल वाचतं का?

एका रविवारने नाही. म्हणूनच दर रविवारी नवी जागा दाखवण्यापेक्षा तीच जागा वर्षातून चारदा बघा असं आम्ही सांगतो. नांदूर जानेवारीत पाहिलेल्या माणसाने ते मेमध्येही पाहावं. काय हरवतं ते त्याला तेव्हाच समजतं.

दोन गोष्टी प्रत्यक्ष घडतात. पहिली, नोंदी. प्रत्येक फेरीची यादी आम्ही ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकतो. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते आणि ५ ते १२ नोव्हेंबर राज्याचा पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. त्या दिवसांत मोजणीला माणसं लागतात. उद्या एखाद्या प्रकल्पाच्या सुनावणीत कोणी म्हणालं की इथे काही नाही, तर पुढे करायला हीच कागदं असतात.

दुसरी, माणसं. २०२५ च्या अखेरीस कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडण्याचा प्रश्न आला तेव्हा नाशिककरांनी हरकती नोंदवल्या. आमच्या गटातल्या ज्यांनी अर्ज लिहिले त्यांत "पर्यावरणाची हानी होईल" एवढंच म्हणणारे कमी होते. कोणत्या झाडाच्या ढोलीत पिंगळा राहतो, कुठल्या वडावर वटवाघळं टांगलेली असतात, असं लिहिणारे जास्त होते. शहरातलं झाड तोडण्याआधी महापालिकेला जाहीर नोटीस काढावी लागते, महाराष्ट्रात १९७५ पासून तसा कायदा आहे. नोटिशीतल्या मुदतीत, झाडाचा ठिकाणा आणि जात लिहून दिलेली हरकत दप्तरी राहते. ती लिहायला आधी झाड माहीत असावं लागतं.

१९. मी निफाडचा शेतकरी आहे. तुम्ही रविवारी येऊन टाळ्या वाजवता. बिबट्या शेळी नेतो ती माझी, क्रौंच पीक खातात ते माझं. मला काय मिळतं?

हा प्रश्न आम्ही पानावरून काढणार नाही, कारण तो बरोबर आहे.

नुकसानीची भरपाई वनखात्याकडून मिळते, पण त्यासाठी लगेच कळवावं लागतं, पंचनामा व्हावा लागतो आणि मेलेलं जनावर तोवर हलवायचं नसतं. आमच्या गटातले दोघं जण अर्ज भरायला मदत करतात, पैसे घेत नाहीत. गोठा चारी बाजूंनी आणि वरूनही जाळीने बंद असेल तर बिबट्याचं नुकसान पुष्कळ टळतं. अशा जाळीसाठी आम्ही फेऱ्यांच्या फीतून काही वस्त्यांना हातभार लावला आहे. तो फार थोडा आहे.

आणि एक विनंती. एकदा फेरीला आमच्याबरोबर चला, गाईड म्हणून नाही, बोलायला. शहरातल्या माणसाने उसाच्या बांधावर उभं राहून तुमची बाजू ऐकणं हा फेरीचाच भाग आहे. फी लागणार नाही.

२०. संक्रांतीला मांज्यात अडकलेला पक्षी सापडला. काय करू?

मांजा ओढू नका, पंखाजवळून दोन्हीकडे कापा. पक्ष्यावर सुती कापड टाका, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा. तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. १९२६ ला फोन करा. फोटो नंतर. नायलॉन मांज्यावर बंदी आहे, विकणारा दिसला तर पोलिसांना कळवा.

२१. मी आता वर्षभर येतोय. मला स्वतःला फेरी घेता येईल का?

येईल, आणि आम्हाला हवंच आहे. आधी एकच जागा निवडा. तिथे सहा महिने, दर पंधरवड्याला एकटे जा आणि वही भरा. त्या गावातल्या दोन-तीन घरांशी ओळख करा, वनरक्षकाला भेटा. सगळी नावं यायलाच हवीत असं नाही. "हे मला माहीत नाही, आपण बघू" असं पंधरा माणसांसमोर सरळ म्हणता आलं पाहिजे. मग पहिल्या फेरीला तुम्ही पुढे चाला. आमच्यापैकी एक जण सगळ्यात मागे असेल, पाण्याच्या बाटल्या आणि औषधाची पेटी घेऊन, आणि विचारल्याशिवाय बोलणार नाही.